ओळखीची खूण आणि पैशाची जोखीम : हुंडीपासून बँक खात्यापर्यंतच्या तोतयेगिरीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पैशाच्या व्यवहारात दोन प्रश्न सर्व काळांत महत्त्वाचे राहिले आहेत. पैसे मागावयास आलेला मनुष्य तोच आहे काय, हा पहिला प्रश्न होय. तो तोच नव्हता असे मागाहून उघड झाल्यास झालेली हानी कोणी सोसावयाची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी समाजाने शिक्का, निशाणी, सही, अंगठ्याचा ठसा आणि अलीकडच्या काळात संकेतांक अशा ओळखीच्या खुणा निर्माण केल्या. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी बाजाराचे रिवाज, न्यायालयांचे निवाडे आणि मध्यवर्ती बँकेची परिपत्रके घडत गेली.

आज ज्यास ‘ओळखचोरी’ म्हटले जाते ती संगणकाच्या युगाची निर्मिती आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः दुसऱ्याच्या नावाने पैसे उचलण्याचे कृत्य व्यापाराइतकेच जुने आहे. मराठी विधिभाषेत या गुन्ह्यास ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असे नाव आहे आणि त्यातील ‘तोतया’ हा शब्द मराठी वाचकास पेशवाईच्या इतिहासात घेऊन जातो. आजच्या खातेदारास बँका जो उपदेश करतात, तो बहुधा ओळखीची खूण जपण्यापुरता मर्यादित असतो. इतिहासाचा पुरावा मात्र असे दर्शवितो की, कोणतीही खूण फार काळ सुरक्षित राहिलेली नाही. संरक्षण मिळाले ते खुणेपेक्षा जबाबदारीच्या नियमांमुळे. हे नियम कोणते आणि ते कसे घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे

१. आर्थिक व्यवहारातील ओळखीच्या साधनांचा मराठा काळापासून आजपर्यंतचा विकास पाहणे.
२. प्रत्येक टप्प्यावर तोतयेगिरीचे स्वरूप कसे बदलले हे तपासणे.
३. फसवणुकीची हानी कोणावर टाकली गेली, याविषयीच्या रिवाजांची व कायद्यांची तुलना करणे.
४. या इतिहासाच्या आधारे आजच्या खातेदाराने घ्यावयाची दक्षता व फसवणुकीनंतर करावयाची कार्यवाही स्पष्ट करणे.

मराठा काळ : शिक्का, निशाणी आणि परिचय

मराठा राज्यातील कागदपत्रांत खरेपणाची खूण म्हणून मुद्रा आणि मोर्तब यांना विशेष स्थान होते. पत्राच्या आरंभी मुद्रा उमटविली जाई आणि मजकूर संपल्यावर मोर्तब केले जाई. मोर्तब म्हणजे लेखनाची सीमा होय. त्याखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती खोटी ठरे. लांब कागद चिकटवून तयार केलेल्या पत्रांत सांध्यांवर शिक्के उमटवीत, जेणेकरून मधला तुकडा बदलता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज सहजपणे वापरला जातो. त्याच्या मुळाशी बनावट कागदाविषयीची भीती आहे.

लिहिता न येणाऱ्या माणसांसाठी निशाणी होती. गावच्या महजरावर पाटलाच्या नावापुढे नांगर, कुलकर्ण्याच्या नावापुढे लेखणी आणि बलुतेदारांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराचे चित्र आढळते. ही निशाणी व्यक्तीची नसून व्यवसायाची होती. नांगराचे चित्र कोणासही काढता आले असते. तरीही ती पुरेशी मानली जाई, कारण महजर गोताच्या समक्ष होत असे आणि तेथे जमलेले लोक एकमेकांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असत. खुणेस बळ होते ते साक्षीदारांचे.

परिचयाची ही व्यवस्था तुटली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण भाऊसाहेबांच्या तोतयाच्या प्रकरणात सापडते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीचा संशय लोकमानसातून गेला नाही. या संशयाचा लाभ घेऊन उत्तरेकडील एका व्यक्तीने आपणच भाऊसाहेब असल्याचा दावा केला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्यास कैद करून किल्ल्यावर ठेवण्यात आले. पुढे १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अधिकाऱ्याच्याच साहाय्याने तो बाहेर पडला, कोकणातील मोठा प्रदेश त्याच्या ताब्यात गेला आणि अखेर पराभवानंतर पकडून पुण्यास आणल्यावर त्यास देहान्ताची शिक्षा झाली. या बंडावर न. चिं. केळकर यांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने येथे एकच गोष्ट नोंदवावयाची आहे. खऱ्या माणसाची अनुपस्थिती, त्याच्या नावास असलेले वजन आणि विश्वास ठेवण्याची लोकांची इच्छा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की, तोतयास वाव मिळतो. पुढील काळातील आर्थिक तोतयेगिरीतही याच गोष्टी दिसून येतात.

हुंडीव्यवहारातील संरक्षण

दूरच्या शहरी रक्कम पोहोचविण्याचे प्रमुख साधन हुंडी हे होते. पुण्यासारख्या शहरांतील सावकारी पेढ्या हुंडणावळ घेऊन हुंड्या देत व स्वीकारीत. पाहताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी आणि ठरलेल्या मुदतीनंतर द्यावयाची ती मुदती हुंडी. कागदाचा एक तुकडा शेकडो कोस प्रवास करी. वाटेत तो हरवणे, चोरीस जाणे किंवा त्यात फेरफार होणे नेहमीच शक्य होते.

हुंडी लिहिण्याच्या पद्धतीतच पहिला बंदोबस्त होता. रक्कम आकड्यात व अक्षरात लिहून त्यानंतर तिची निमपट लिहीत आणि त्याची दुप्पट पुन्हा नमूद करीत. शंभर रुपयांच्या हुंडीत ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर पुरे’ असा आशय येई. एक आकडा बदलणाऱ्यास सर्वच आकडे बदलावे लागत. दुसरा बंदोबस्त सूचनापत्राचा होता. हुंडी लिहिणारी पेढी पैसे देणाऱ्या पेढीस स्वतंत्र पत्राने कळवीत असे. कागद एका वाटेने व सूचना दुसऱ्या वाटेने जात असल्याने नुसता कागद चोरून भागत नसे. आजच्या दुहेरी पडताळणीचे तत्त्व यापेक्षा फारसे वेगळे नाही.

तथापि हुंडीव्यवहाराचे खरे वैशिष्ट्य लेखनात नसून जबाबदारीच्या वाटणीत होते. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या धारकास देता येत नसत. ते ‘शाह’ म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यासच द्यावयाचे असत. हुंडी आणणारा परका असला तर त्याला अशा शाहामार्फतच पैसे मिळत. मागाहून हुंडी चोरीची वा बनावट ठरल्यास तो शाह रक्कम व्याजासह परत करण्यास बांधलेला असे. पैसे देणाऱ्या पेढीने मात्र समोरचा मनुष्य खरोखर शाह आहे याची चौकशी केलेली असली पाहिजे. चौकशी न करता पैसे देणाऱ्या पेढीस पुन्हा पैसे द्यावे लागण्याची जोखीम होती. पैसे घेणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसामागे एक ओळखीचा आणि जबाबदार मनुष्य उभा करण्याची ही योजना होती.

हुंडी हरवल्यास काय करावयाचे, याचाही रिवाज ठरलेला होता. मूळ हुंडी गहाळ झाल्याचे कळविल्यावर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत आणि तीही गेल्यास ‘परपेठ’ म्हणजे तिसरी प्रत मिळे. तिच्यात आधीच्या प्रतींचा उल्लेख असे आणि त्यांचे पैसे दिले गेले नसतील तरच हिचे द्यावेत, असे लिहिलेले असे. पैसे दिले जाण्यापूर्वी सूचना पोहोचणे हेच येथे निर्णायक ठरे. वटलेली हुंडी, म्हणजे ‘खोका’, पेढीवर जपून ठेवीत, कारण तोच हिशेबाचा पुरावा असे.

ब्रिटिश काळात १८८१ मध्ये पराक्राम्य संलेख अधिनियम संमत झाला. त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतील संलेखांविषयीचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवण्यात आले. हुंडीचे रिवाज किती सुस्थिर होते, हे यावरून लक्षात येते. पैसे देणाऱ्याने व घेणाऱ्याच्या जामिनाने जबाबदारी पत्करणे हा पहिला आणि हानी कळताच तत्काळ सूचना देणे हा दुसरा, असे दोन नियम या व्यवहारातून हाती येतात. पुढील सर्व विवेचनात या दोन नियमांचा मागोवा घेतला आहे.

अंगठ्याचा ठसा आणि मृत निवृत्तिवेतनधारक

कंपनी सरकारच्या व नंतरच्या राणी सरकारच्या अधिकाऱ्यांस गावातील माणसे परिचयाची नव्हती. त्यांना साक्षीदारांवर विसंबून न राहता शरीरावरच वाचता येईल अशी खूण हवी होती. जुलै १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार करताना त्याच्या तळहाताचा ठसा कागदावर घेतला. ठेकेदाराने पुढे सही नाकारू नये एवढाच त्याचा मूळ हेतू होता. १८७७ मध्ये हुगळी येथे दंडाधिकारी असताना हर्शेलने बोटांचे ठसे दस्तनोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन यांसाठी पद्धतशीरपणे वापरले.

यांपैकी निवृत्तिवेतनाचा उपयोग विशेष लक्षणीय आहे. निवृत्त सेवकाच्या मृत्यूनंतरही दुसऱ्याच कोणी त्याच्या नावाने वेतन उचलीत राहण्याचा संशय असे. मृताच्या नावाने केलेली ही ओळखचोरीच होय. आज प्राध्यापक व अन्य सेवानिवृत्त सेवक प्रतिवर्षी जो हयातीचा दाखला देतात, त्यामागेही हाच हेतू आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या सेवेत हा दाखला बोटाच्या ठशावर देण्याची सोय झाली, तेव्हा हुगळीचा प्रयोगच नव्या साधनाने पुढे चालू झाला.

१८९७ मध्ये कलकत्ता येथे ठसे कार्यालय स्थापन झाले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाणारी वर्गीकरणपद्धती घडविण्यात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. १८९९ मध्ये पुरावा अधिनियमात दुरुस्ती होऊन ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. तत्पूर्वीच १८६० च्या भारतीय दंड संहितेत तोतयेगिरीची ठकवणूक हा स्वतंत्र गुन्हा झाला होता.

सहीचे युग : बँक, धनादेश आणि ओळख देणारा

बँकांनी व्यवहाराचा पाया सहीवर रचला. खाते उघडताना नमुना सही घेतली जाई आणि प्रत्येक धनादेश तिच्याशी ताडून पाहिला जाई. या व्यवस्थेत परिचयाचा धागा पूर्णपणे तुटला नव्हता. नवे खाते उघडणाऱ्यास त्या बँकेतील जुन्या खातेदाराची ओळख आणावी लागे. अर्जावर सही करणारा हा खातेदार एका परीने शाहाचाच दुबळा वारस होता. दुबळा म्हणावयाचे कारण असे की, तो ओळख देई, परंतु रकमेची हमी घेत नसे. बँकेच्या दृष्टीने या ओळखीस कायदेशीर महत्त्व होते. १८८१ च्या अधिनियमाचे १३१ वे कलम धनादेश वसूल करणाऱ्या बँकेस संरक्षण देते. मात्र तिने सद्‌भावनेने व निष्काळजीपणा न करता काम केलेले असले पाहिजे. खाते उघडताना योग्य चौकशी केली होती, हे ओळखीच्या सहीवरून दाखविता येई.

खोट्या सहीच्या धनादेशाची हानी कोणाची, या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात दिले. कंपनीच्या हिशेबनिसाने व्यवस्थापकीय संचालकाच्या खोट्या सह्या करून ४२ धनादेश वटविले होते. एकूण रक्कम सव्वातीन लाख रुपयांहून अधिक होती. कंपनीने पासबुक वेळीच तपासले नाही, असा बँकेचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. खोट्या सहीचा धनादेश म्हणजे ग्राहकाची आज्ञाच नव्हे. अशा कागदावर पैसे देणारी बँक स्वतःचे पैसे देते. आणि पासबुक तपासून चूक कळविण्याचे बंधन ग्राहकावर नाही, असे तत्त्व यातून स्थिर झाले. हुंडीव्यवहारातील पहिला नियम येथे पूर्णपणे मान्य झाला. दुसऱ्या नियमाचे, म्हणजे तत्काळ सूचनेचे, ओझे मात्र ग्राहकावर टाकले गेले नाही.

आवाजाची तोतयेगिरी : १९७१

सही, शिक्का यांपैकी काहीही न वापरता केवळ दूरध्वनीवरील आवाजाच्या बळावर बँकेतून मोठी रक्कम बाहेर पडल्याचे एक उदाहरण बँकिंगच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. २४ मे १९७१ रोजी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतील मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. प्रथम पंतप्रधानांचे सचिव आणि नंतर स्वतः पंतप्रधान बोलत असल्याचे भासविण्यात आले. बांगलादेशाविषयीच्या गुप्त कार्यासाठी ६० लाख रुपये त्वरित हवेत, असे सांगून सांकेतिक शब्द ठरविण्यात आले. मल्होत्रा यांनी रक्कम काढून बँकेबाहेर ठरलेल्या व्यक्तीच्या स्वाधीन केली. पावती घेण्यासाठी ते गेले, तेव्हा असा कोणताही निरोप दिलेला नसल्याचे त्यांना कळले. पोलिसांनी त्याच दिवशी रुस्तम सोहराब नगरवाला यास अटक केली आणि जवळजवळ सर्व रक्कम परत मिळविली. आवाज आपणच काढल्याची कबुली नगरवालाने दिली. पुढे खटल्याच्या विलक्षण वेगाविषयी, त्याच्या कबुलीविषयी आणि १९७२ मध्ये झालेल्या त्याच्या मृत्यूविषयी शंका घेतल्या गेल्या. जनता सरकारने न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांचा आयोग नेमला. परंतु सर्व शंकांचे निरसन झाले नाही.

या प्रकरणाची राजकीय बाजू बाजूस ठेवली तरी त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. मोठ्या अधिकाराचे नाव, गुप्ततेची अट आणि तातडी या तिन्ही गोष्टींनी एका अनुभवी रोखपालास चौकशीपासून परावृत्त केले. २०२४ मध्ये ज्या ‘डिजिटल अटके’ची देशभर चर्चा झाली आणि जिचा उल्लेख पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात केला, तिची रचना याहून निराळी नाही. पोलीस वा तपास अधिकारी असल्याची बतावणी, कोणासही न सांगण्याचा हुकूम आणि तत्काळ पैसे पाठविण्याची सक्ती, असा तिचा क्रम असतो. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. १९७१ च्या घटनेत रक्कम परत मिळाली, त्यामागेही एक कारण होते. फसवणूक काही तासांत उघड झाली आणि सूचना त्याच दिवशी पोलिसांपर्यंत गेली.

संकेतांकाचे युग आणि २०१७ चे परिपत्रक

१९८७ मध्ये मुंबईत देशातील पहिले एटीएम सुरू झाले. त्यानंतर ओळखीची खूण हाताने करावयाची राहिली नाही. ती लक्षात ठेवावयाची झाली. पिन जाणणारा तो खातेदार, असे यंत्र मानू लागले. सही पाहून रोखपालास शंका येऊ शकते. बरोबर पिन दाबणाऱ्याविषयी यंत्रास शंका येत नाही.

एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळविल्याचे प्रकरण उघडकीस आले. कोणतेही यंत्र फोडले गेले नव्हते. ग्राहकांचा विश्वास संपादन करून संकेतांक काढून घेण्यात आले होते. पैसे मात्र पुण्यातील खात्यांत आले आणि त्यावरूनच माग लागला. त्या वेळी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये ओळखचोरीचे स्वतंत्र कलम नव्हते. २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६ नंतर घातलेल्या कलमांत ते आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, संकेतशब्द वा ओळखीची अन्य खूण लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१९ व्या कलमाने १ जुलै २०२४ पासून तोतयेगिरीच्या ठकवणुकीची कमाल शिक्षा पाच वर्षांची झाली.

गुन्हेगारास शिक्षा झाली तरी खातेदाराचे पैसे परत येतातच असे नाही. हा दुसरा प्रश्न रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हाताळला; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. त्यानुसार बँकेच्या चुकीमुळे हानी झाल्यास ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याची जबाबदारी शून्य राहते. चार ते सात दिवसांत कळविल्यास ती खात्याच्या प्रकारानुसार ५,०००, १०,००० वा २५,००० रुपयांपर्यंत मर्यादित होते. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू होते. सूचना मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढावी. ग्राहक दोषी असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेवण्यात आला. ग्राहकाने स्वतःच संकेतांक दिला असल्यास सूचना देईपर्यंतची हानी त्याची आणि सूचनेनंतरची बँकेची, अशी वाटणी झाली.

हुंडीच्या रिवाजातील दोन्ही नियम येथे एकत्र आलेले दिसतात. चौकशीची जबाबदारी पैसे देणाऱ्याची आहे आणि सूचनेचा क्षण निर्णायक आहे. १९८७ च्या निवाड्यात ग्राहकावर पासबुक तपासण्याचे बंधन नव्हते. २०१७ नंतर उशीर झाल्यास त्याची किंमत मोजावी लागते. हा बदल ग्राहकाच्या बाजूचा आहे तसाच त्याच्यावर भार टाकणाराही आहे.

न्यायालयांनीही या तत्त्वांस बळकटी दिली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून गेलेली ७६ लाखांहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश बँकेस दिला. आसाममधील एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये दुकानाच्या सेवा केंद्राची बतावणी करणाऱ्याने लांबविले होते. त्याने २४ तासांच्या आत बँकेस कळविले होते. गुवाहाटी उच्च न्यायालयाचा त्याच्या बाजूचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवला.

ठशाकडे पुनरागमन

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिला आधार क्रमांक देण्यात आला. निरक्षर, निर्धन मनुष्यास बँकेच्या दारात ओळख देणारा कोणी नसे. त्याचे बोटच त्याची ओळख ठरावे, ही त्यामागील भूमिका होती. पुढे आधार क्रमांक, बँकेचे नाव व बोटाचा ठसा एवढ्यावर गावातच पैसे काढण्याची सोय झाली. या व्यवहारास ओटीपी लागत नसे.

मात्र अनेक राज्यांतील पोलीस तपासांत दस्तनोंदणीच्या कागदांवरील ठशांवरून कृत्रिम बोटे बनवून खात्यांतील पैसे काढल्याची प्रकरणे उघड झाली. हर्शेलने दस्त खरे ठरावेत म्हणून ज्या कागदांवर ठसे घेण्याची प्रथा पाडली, तेच कागद ठशांच्या चोरीचे भांडार ठरले. संकेतांक चोरीस गेल्यास बदलता येतो. बोट बदलता येत नाही. म्हणून आधारमधील ठसे बंद ठेवण्याची सोय प्राधिकरणाने दिली असून ती वापरणे हिताचे आहे.

खातेदाराची दक्षता व कार्यवाही

वरील इतिहासावरून दक्षतेचे नियम सहज निघतात. अधिकार, गुप्तता व तातडी एकत्र येताच व्यवहार थांबवावा आणि आलेल्या क्रमांकावर नव्हे, तर बँकेच्या पासबुकावरील वा कार्डामागील क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. पैसे मिळण्यासाठी पिन वा ओटीपी कधीच लागत नाही. ओळखपत्राची प्रत देताना तीवर प्रयोजन व दिनांक लिहावा. मोर्तबाचे काम तेच होते. बँकेचे संदेश येणारा भ्रमणध्वनी अचानक बंद पडल्यास त्याच क्रमांकाचे दुसरे सिम कोणी घेतले असण्याची शक्यता ध्यानात घेऊन तत्काळ विचारणा करावी.

फसवणूक घडल्यास प्रथम बँकेस कळवून खाते व कार्ड बंद करावे आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसे पुढील खात्यातून काढले जाण्यापूर्वी गोठविता यावेत, हे त्याचे प्रयोजन आहे. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी व बँकेस लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत समाधान न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. खोका जपणाऱ्या पेढीप्रमाणे प्रत्येक कागद जपला पाहिजे.

निष्कर्ष

१. ओळखीची प्रत्येक खूण कालांतराने नकलेस बळी पडली आहे. त्यामुळे केवळ नवी खूण निर्माण केल्याने तोतयेगिरी संपत नाही.

२. खातेदारास खरे संरक्षण दोन नियमांनी मिळाले. पैसे देणाऱ्याने चौकशीची जबाबदारी घेणे आणि हानीची सूचना विनाविलंब देणे, हे ते नियम होत. हुंडीचे रिवाज, १९८७ चा निवाडा आणि २०१७ चे परिपत्रक यांतून त्यांचा प्रवास दिसतो.

३. हुंडीव्यवहारात असलेला तिसरा घटक आज सर्वांत दुबळा आहे. पैसे घेणाऱ्यामागे उभा राहणारा शाह आज नाही. चोरीचे पैसे बहुधा दुसऱ्याच्या नावाने उघडलेल्या वा भाड्याने दिलेल्या खात्यात जातात. ते खाते उघडणाऱ्या बँकेने शाहाप्रमाणे परताव्याची जबाबदारी घेतल्यास ओळखपडताळणी केवळ कागदोपत्री राहणार नाही.

४. फसवून संकेतांक काढून घेतलेला ग्राहक २०१७ च्या व्यवस्थेत बहुतांशी उघडा राहिला. १९७१ मध्ये बँकेचा अनुभवी मुख्य रोखपालही ज्या बतावणीस बळी पडला, तीस बळी पडलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकास केवळ निष्काळजी ठरविणे इतिहासाच्या प्रकाशात न्याय्य वाटत नाही.

महजरावरील नांगराची निशाणी कोणासही काढता येत होती. तरीही ती टिकली, कारण तिच्यामागे साक्ष देणारी माणसे उभी होती. बँकेच्या खात्यास आज संकेतांकाइतकीच अशा उत्तरदायी साक्षीची आवश्यकता आहे.